बाबा धुक्याच्या वर असताना

आमच्या घरात ‘सीझन’ हा शब्द माझ्यामुळे आला. त्याआधी आमच्याकडे दोनच ऋतू होते, एसी चालू आणि एसी बंद. मी इव्हेंट कंपनीत लागले आणि ऑक्टोबर ते एप्रिल हे महिने आईच्या भाषेत ‘पोरगी घरात दिसत नाही’ असे झाले. या महिन्यांत इथे दुबईत जगभरातून पाहुणे येतात आणि त्यांच्यासाठी एकामागून एक काहीतरी चालूच असतं. वाळवंटातल्या गाण्याच्या मैफली, समुद्रकाठचे पतंग, खाण्याच्या जत्रा, उंटांच्या शर्यती. माझ्या वाट्याला आला बलूनचा मेळा. दर जानेवारीत अल ऐनच्या रस्त्याला, आत वाळवंटात तो भरतो. निरनिराळ्या देशांतून गरम हवेचे मोठाले बलून येतात, पहाटे पाहुण्यांना घेऊन वर जातात, आणि खाली तंबूत नाश्ता, ऊद हे अरबी तंतुवाद्य वाजवणारा एखादा कलाकार, मुलांसाठी उंटावरची रपेट असं सगळं असतं. पाहुण्यांना हॉटेलातून आणायचं, बलूनमध्ये बसवायचं, उतरले की परत गोळा करायचं, हे माझं काम.

बाबांनी यातलं काहीही प्रत्यक्ष पाहिलेलं नव्हतं. ते जबल अलीच्या एका वेअरहाऊसमध्ये सुपरवायझर होते. शारजाच्या अल नहदामधून उजाडायच्या आत निघायचे, कंपनीच्या बसमध्ये झोपायचे, संध्याकाळी ट्रॅफिकमधून आंबून परत यायचे. मी लहान असताना शाळेतल्या मैत्रिणी सुट्टीत कुठे कुठे जाऊन यायच्या. मी बाबांच्या मागे लागायचे तेव्हा ते म्हणायचे, “ते व्हिजिटर्ससाठी असतं गं. आपण कुठे व्हिजिटर?” मी इंग्रजीत वाद घालायचे, ते मराठीत हसून उठून जायचे.

त्या वर्षी त्यांचं काम संपत होतं. मार्चमध्ये आई आणि ते कायमचे कराडला जाणार होते. हॉलमध्ये खोके येऊन पडले होते आणि आई रोज एकेक कप्पा रिकामा करत होती. मेळ्याच्या शेवटच्या दिवसाच्या दोन जागा एका हॉटेलच्या पाहुण्यांनी आदल्या दिवशी रद्द केल्या, तेव्हा मॅनेजरला विचारून मी त्या मागून घेतल्या. रात्री जेवताना सांगितलं.

“मी नाही हं,” आई लगेच म्हणाली. “मला नको ते हवेत लोंबकळणं. मी खाली बसून चहा पिईन.”

बाबा भाकरी मोडत होते. “मी येतो,” ते म्हणाले. “चालेल की.”

इतकं सहज ते कशालाच हो म्हणत नसत. मला फार आनंद झाला. आईने भाजी वाढायचा डाव तसाच हातात धरला आणि त्यांच्याकडे पाहिलं, एवढं मात्र मला दिसलं. ती काही बोलली नाही, म्हणून मीही विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे अंधारातच आम्ही पोचलो तेव्हा वाळवंटात गार वारा सुटला होता. आईने स्वेटरवर शाल घेतली होती. बाबांनी ऑफिसचे बूट आणि इस्त्रीचा शर्ट घातला होता. मी म्हटलं होतं, काहीही घाला, वाळूतच जायचंय. तर म्हणाले, “तुझ्या ऑफिसची माणसं असणार ना?”

आकाश स्वच्छ होतं. हवामानाच्या अंदाजात धुकं होतं, पण ते किनाऱ्याकडे, आमच्यापासून बरंच लांब. आमच्या बलूनची पायलट साठीच्या घरातली युरोपियन बाई होती. सगळे तिला कॅप्टन म्हणत. तिने दिवा बांधलेला एक छोटा फुगा वर सोडला, तो कुठे जातो ते मान वर करून बघत राहिली, दोनदा फोन केला आणि मग अंगठा दाखवला. पंख्यांनी कापडात हवा भरली, बर्नर पेटले आणि आमचा बलून हळूहळू वाळूवरून उठून उभा राहिला. त्या उजेडात बाबांचा चेहरा मला पहिल्यांदा नीट दिसला. घामाने चमकत होता. एवढ्या थंडीत.

“बाबा, बरं वाटतंय ना?”

“हो हो. बर्नरची धग आहे गं.” मग त्यांनी बास्केटभोवती एक चक्कर मारली. “याचं दार कुठंय?”

“दार नसतं. त्या भोकांत पाय ठेवून चढायचं.”

“अच्छा,” ते म्हणाले आणि चढले. वेताच्या त्या भल्यामोठ्या बास्केटला कप्पे होते. त्यांच्या कप्प्यात एक जर्मन जोडपं होतं आणि एकटीच फिरायला आलेली एक कोरियन मुलगी. कॅप्टनने उतरतानाची बैठक सगळ्यांकडून करवून घेतली. गुडघे वाकवा, पाठ टेकवा, आतला दोर दोन्ही हातांनी धरा. बाबांनी दोर धरला तो सोडलाच नाही. बलून उचलला गेला तेव्हा बाकीचे सगळे हात हलवत होते. मी फोन धरून ओरडत होते, “बाबा, इकडे बघा! इकडे!” त्यांनी पाहिलं नाही. मला वाटलं, बर्नरच्या आवाजात ऐकू गेलं नसेल.

बलून वर गेला की आमची एक जीप खालून त्याच्या मागे जाते. तो कुठे उतरेल ते आधी ठरलेलं नसतं. वारा नेईल तिकडे तो जातो आणि आम्ही तिथे पोचतो. जीप चालवणारा केरळचा होता, माझ्याहून वीसेक वर्षांनी मोठा. आम्ही सगळे त्याला चेट्टा म्हणायचो, म्हणजे त्यांच्यात दादा. आईला तंबूत एकटीने बसायचं नव्हतं, म्हणून तिला मागच्या सीटवर घेतलं. माझ्या मांडीवर टॅब्लेट होता, त्यावर आमच्या बलूनचा हिरवा ठिपका. हातात वायरलेस.

सुरुवातीला सगळं रोजच्यासारखं होतं. सूर्य वर आला, वाळू केशरी झाली, आठ-दहा बलून आकाशात लोंबत राहिले. आमचा सगळ्यात शेवटी सुटला होता आणि कॅप्टन त्याला बरीच वर घेऊन गेली होती. वर वारा वेगळा होता. बाकीचे बलून तंबूंच्या आसपासच तरंगत होते, आमचा मात्र दक्षिणेकडे निघाला. आईने खिडकीतून मान बाहेर काढली होती. “कुठला गं आपला? तो लाल? केवढासा दिसतोय.”

चेट्टाने अचानक वेग कमी केला. “मॅडम, उधर देखो.”

दूर वाळूच्या टेकड्यांवर पांढरी पट्टी दिसत होती. मला वाटलं कुणाच्या तरी गाडीची धूळ. पण ती धुळीसारखी वर जात नव्हती. पसरत होती. आम्ही बघत असतानाच एक टेकडी बुडाली, मग तिच्या अलीकडची. इथे हिवाळ्यात हे होतं. सूर्य वर आल्यावर धुकं विरण्याऐवजी एकदम दाटतं. पण ते किनाऱ्याकडे, रस्त्यांवर. इतकं आत, इतक्या वेगाने आलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

वायरलेसवर मुख्य तंबूतून सगळ्या पायलटना ताबडतोब उतरायला सांगितलं गेलं. एकेक जण उत्तर देऊ लागला. उतरतोय. उतरलो. सगळे सुखरूप. मी खिडकीतून बघत होते, बलून एकामागून एक खाली बसत होते. आमचा लाल बलून वरच होता, आणि त्याच्याखालची जमीन पांढरी होत चालली होती.

कॅप्टनचा आवाज शांत होता. “मला सूर्य दिसतोय,” ती म्हणाली. “जमीन दिसत नाही. मी वरच थांबते. फ्युएल आहे. धुकं विरायची वाट बघू.”

पुढच्या मिनिटाला आम्हीही धुक्यात शिरलो आणि बलून दिसेनासा झाला.

काचेवर पाणी जमायला लागलं. चेट्टाने वायपर लावले, दिवे लावले, तरी गाडीच्या नाकाच्या पुढे काही दिसत नव्हतं. तो मान पुढे काढून चाकाखालची वाट बघत चालवत होता. मी टॅब्लेटवरून त्याला सांगत होते, थोडं डावीकडे, आता सीधा. हिरवा ठिपका आमच्या पुढे सरकत होता. त्याच्या वाटेत नकाशावर एक लाल रेघ आडवी होती. हाय टेन्शनच्या तारा. मेळ्याच्या पहिल्या दिवशी आम्हाला त्या रेघा दाखवून सांगितलं होतं, बाकी सगळं विसरलात तरी चालेल, या विसरू नका.

“काय झालंय?” आईने विचारलं.

“काही नाही. धुकं आहे. जरा उशिरा उतरतील.”

“मला इंग्रजी कळतं थोडं,” आई म्हणाली. “फ्युएल म्हणजे काय तेही कळतं.”

मी मागे वळले नाही. मग ती म्हणाली, “तुझ्या बाबांना उंची सहन होत नाही.”

“म्हणजे?”

“म्हणजे सहन होत नाही. हातपाय गार पडतात, डोळ्यांपुढे अंधारी येते. लग्न झाल्यावर त्यांनी मला गडावर नेलं होतं, निम्म्यातून खाली आलो आम्ही. चौदाव्या मजल्यावर राहतो ना आपण? बाल्कनीत त्यांना कधी पाहिलंयस?”

मी आठवून पाहिलं. कपडे वाळत घालायला आई. कबुतरं हाकलायला आई किंवा मी. बाल्कनीचा बल्ब गेला की बाबा वॉचमनला बोलवायचे. मला वाटायचं, दिवसभर काम करून दमतात.

“अगं मग काल बोलली का नाहीस?” माझा आवाज चढला.

“रात्री बोलले त्यांना. म्हणाले, पोरीने हौसेने मागून घेतलंय, तिच्या ऑफिसात तिचं नाव खाली जाईल. डोळे मिटून बसेन म्हणाले, तासाभराचा तर प्रश्न आहे.”

तास केव्हाच होऊन गेला होता. मी बटण दाबून कॅप्टनला विचारणार होते की डाव्या कप्प्यातले निळ्या शर्टातले गृहस्थ कसे आहेत. अंगठा बटणावर होता. पण त्या बाईला आता एकेक शब्द कामाचा हवा होता, आणि मी विचारलं असतं तर तिने वळून बघितलं असतं. मी अंगठा काढला. आईने ते पाहिलं असावं. तिने मागून माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि तसाच राहू दिला.

ठिपका रेघेच्या जवळ आला. मी कॅप्टनला सांगितलं, पुढे तारा आहेत. ती म्हणाली, “माहीत आहे. मी खूप वर आहे. त्या ओलांडून घेते. पलीकडे काय आहे ते मला सांग.”

म्हणजे आम्हाला तिच्या आधी पलीकडे पोचायला हवं होतं.

चेट्टाने वाट सोडली आणि गाडी सरळ वाळूत घातली. मधे एकदा मागची चाकं फिरत राहिली, गाडी बसली. त्याने दात आवळून रिव्हर्स टाकला, पुन्हा पुढे, पुन्हा मागे. मी खाली उतरून ढकलू का विचारलं. “बैठो, बैठो,” तो ओरडला. आई डोळे मिटून काहीतरी पुटपुटत होती. गाडी एक गचका देऊन निघाली. मग डोक्यावर एक बारीक गुणगुण ऐकू आली. तारा दिसत नव्हत्या, पण ओल्या हवेत त्यांचा आवाज येत होता. आम्ही त्यांच्याखालून जात होतो.

पलीकडे वाळू संपली आणि कडक, खडीची सपाट जमीन लागली. धुकंही जरा पातळ झालं. एका बाजूला जाळीचं कुंपण दिसलं आणि आत उंटांच्या माना. कुणाचा तरी उंटांचा गोठा होता. दुसऱ्या बाजूला नुसतं मोकळं मैदान. चेट्टा गाडीचे दिवे लावून एक गोल फिरून आला. खांब नाही, झाड नाही, खड्डा नाही. मी लगेच वायरलेसवर कॅप्टनला कळवलं. सपाट जमीन, पूर्वेला उंटांचं कुंपण, बाकी मोकळं. समोरचं थोडंफार दिसतंय.

“जमिनीवर वारा कुठला?” तिने विचारलं.

एरवी आम्ही छोटा फुगा सोडून बघतो. त्या धुक्यात तो सोडला तर दोन हातांवर नाहीसा झाला असता. मी बोट ओलं करून धरलं, काही कळेना. गालांवर सगळीकडूनच गार लागत होतं.

“आई, शाल दे.”

आई खाली उतरली. तिने शाल मला दिली नाही. स्वतःच एका टोकाला धरून हात उंच केला. आम्ही दोघी त्या शालीकडे बघत राहिलो. आधी ती सरळ लोंबत राहिली. मग खालचं टोक हळूच उचललं गेलं, कुंपणाच्या उलट्या दिशेला. पडलं. पुन्हा उचललं गेलं, त्याच दिशेला. मी फोनमधलं होकायंत्र काढून कॅप्टनला दिशा सांगितली. वारा अगदी कमी आहे, उंटांपासून दूर नेणारा.

“गुड,” ती म्हणाली. “मी खाली येतेय. हॉर्न वाजवत राहा. थांबू नका.”

चेट्टाने हॉर्नवर तळहात ठेवला. त्या आवाजाने उंट बिथरले, कुंपणाच्या पलीकडच्या बाजूला धावले. आतून एक दाढीवाला माणूस हातात काठी घेऊन शिव्या देत आला. चेट्टाने आभाळाकडे बोट दाखवलं. त्याला आधी काही कळलं नाही. मग वरून बर्नरचा आवाज आला, मोठ्या जनावराने श्वास सोडावा तसा, आणि त्याने काठी टाकून दिली.

वर काहीच दिसत नव्हतं. नुसता आवाज. तो कधी डावीकडून यायचा, कधी पाठीमागून. आई हात उंच करून शाल धरून उभीच होती. “खाली घे हात, आई,” मी म्हटलं. तिने ऐकलं नाही. धुक्यात एका ठिकाणी केशरी उजेड झाला आणि विझला. पुन्हा झाला, आणखी खाली. मग आवाज बंद पडला.

सगळ्यात वाईट वेळ ती होती. हॉर्न वाजतोय, उंट ओरडताहेत, आणि वर काही नाही. मी वायरलेसवर हाक मारली. उत्तर आलं नाही. पुन्हा मारली. मला एकदम बाबांचे घट्ट आवळलेले हात दिसले, त्या दोरावरचे.

आणि मग बास्केटचं बूड आमच्या डोक्यावर होतं.

ती कुठल्या दिशेने आली ते मला आजही सांगता येणार नाही. जीपच्या टपावरून ती सरकत गेली. आई खाली बसली. वरून एक दोर सुटून जमिनीवर आपटला. चेट्टा धावला, मी धावले, तो काठीवाला माणूस “यल्ला! यल्ला!” अशी अरबीत घाई करत आमच्याही पुढे धावला. तिघांनी दोर धरला. बास्केट जमिनीला टेकली, उसळली, पुन्हा टेकली, आमच्या हातांतून दोर सालटी काढत गेला. मग ती कुशीवर कलंडली आणि तशीच खडीवरून घसरत थोडी पुढे जाऊन थांबली. वरचं लाल कापड सावकाश खाली बसत गेलं.

मग आतून कुणीतरी हसलं, कुणीतरी रडलं. कॅप्टन ओरडून सांगत होती, मी सांगेपर्यंत कुणी बाहेर यायचं नाही. मग एकेक जण रांगत बाहेर येऊ लागला. जर्मन गृहस्थ, त्यांची बायको. तिच्या कपाळाला खरचटलं होतं, पण ती टाळ्या वाजवत होती. बाकीच्या कप्प्यांतले सगळे आले. बाबा आले नाहीत.

मी वाकून आत पाहिलं. कप्पा आडवा झाला होता आणि बाबा सगळ्यात खालच्या बाजूला, जमिनीकडच्या कडेला पाठ टेकून पडले होते. त्यांच्या दंडाला ती कोरियन मुलगी दोन्ही हातांनी धरून होती. तिचे डोळे घट्ट मिटलेले. बाबांचे उघडे होते.

“बाबा?”

“आलो,” ते म्हणाले. “हिला आधी घे. सोडत नाहीये.” मग तिला म्हणाले, “फिनिश, बेटा. खलास. ग्राउंड. सी? ग्राउंड.” आणि हात बाहेर काढून त्यांनी खडी उचलली, तिच्या तळव्यात ठेवली.

ती बाहेर आली. मग बाबा आले, गुडघ्यांवर रांगत. शर्टाची इस्त्री गेली होती, तोंडात धूळ होती. मी त्यांना मिठी मारली आणि रडायला लागले. ते माझ्या पाठीवर थोपटत इकडेतिकडे बघत होते. आई लांबच उभी होती. ती धावली नाही. सावकाश चालत आली, शालीच्या टोकाने त्यांच्या केसांतली धूळ झटकू लागली आणि म्हणाली, “चष्मा कुठंय?”

“असेल आत,” बाबा म्हणाले.

“नवीन होता.”

“हो.”

एवढंच बोलले ते दोघं.

चष्मा चेट्टाने शोधून दिला. एक काडी मोडली होती. तोवर दुसऱ्या गाड्या आल्या, पाहुण्यांना घेऊन गेल्या. मेळ्याचा त्या दिवशीचा पुढचा कार्यक्रम रद्द झाला. मला पाहुण्यांबरोबर हॉटेलवर जायला हवं होतं, पण कॅप्टनने मॅनेजरला फोन करून सांगितलं की या मुलीला घरी जाऊ द्या. निघताना ती बाबांजवळ आली आणि त्यांचा हात हातात घेऊन म्हणाली, तुम्ही माझं काम सोपं केलंत. बाबांना वाटलं, ती सगळ्यांनाच असं म्हणते.

माझ्या गाडीतून आम्ही घरी निघालो. धुकं विरलं होतं, ऊन लख्ख होतं, आणि हायवेवर काही घडलंच नसल्यासारख्या गाड्या धावत होत्या. आई मागे बसली होती. शेवटी म्हणाली, “डोळे मिटूनच होतात ना?”

“आधी होतो,” बाबा म्हणाले. “चांगला अर्धा तास असेन. बसलोच होतो खाली. ते जर्मन मला पाणी देत होते. मग कॅप्टन काहीतरी बोलली आणि ती कोरियन पोरगी रडायला लागली. आईला फोन लावत होती, लागत नव्हता. मी म्हटलं, रडू नको, सन बघ, किती ब्युटिफुल. ती म्हणाली, तुम्ही तर डोळे मिटलेत. मग काय करणार? उभा राहिलो. उघडले.”

“मग?” मी विचारलं.

“मग काही नाही.” ते थोडा वेळ बाहेर बघत राहिले. “खाली काहीच नव्हतं गं. सगळं पांढरं. जमीन दिसली की मला कळतं आपण किती उंच आहोत, आणि मग भोवळ येते. तिथे जमीनच नव्हती. एखाद्या मोठ्या हॉलमध्ये उभं असल्यासारखं वाटलं. लांबवर त्या उंच बिल्डिंगचं फक्त टोक वर आलेलं. मी तिला दाखवलं, ते बघ दुबई. अशी शांत दुबई मी इतक्या वर्षांत कधी पाहिली नव्हती. मला बरं वाटत होतं, खरं सांगतो. छान वाटत होतं.”

खाली आम्ही त्या धुक्यात हॉर्न वाजवत फिरत होतो, आईचा हात माझ्या खांद्यावर होता, आणि वर माझ्या बाबांना छान वाटत होतं. मला हसू यायला लागलं, आणि ते नीट हसू नव्हतं. आई म्हणाली, “गाडीकडे लक्ष दे.”

“खाली यायला लागलो तेव्हा मात्र घाबरलो,” बाबा म्हणाले. “त्या पांढऱ्यात शिरल्यावर. कॅप्टनने बर्नर बंद केला ना, तेव्हा. हॉर्न ऐकू येत होता. मी त्या पोरीला सांगत होतो, ती माझी मुलगी आहे. डॉटर. माय डॉटर. हॉर्न.”

मी गाडीचा वेग जरा कमी केला.

शारजाच्या अलीकडे एका पेट्रोल पंपावर बाबा म्हणाले, थांब, चहा घेऊ. एवढ्या सकाळपासून कुणाच्याच पोटात काही नव्हतं. मी तीन करक चहा आणले, इथला उकळून कडक केलेला दुधाचा. बाबा गाडीला टेकून उभे होते. त्यांनी कप घेतला आणि चहा त्यांच्या बुटांवर सांडला. त्यांनी कप दोन्ही हातांत धरला, तरी सांडला. हात थरथरत होते. मनगटापासून कोपरापर्यंत, थांबतच नव्हते. त्यांनी हातांकडे असं पाहिलं जसे ते दुसऱ्या कुणाचे आहेत.

“आत्ता का व्हायला लागलं हे?” त्यांनी विचारलं.

आईने तिचा कप गाडीच्या टपावर ठेवला. त्यांचा कप काढून घेतला, फुंकर मारली आणि त्यांच्या ओठांपाशी धरला. शेजारच्या पंपावर पेट्रोल भरणारा मुलगा बघत होता. एरवी बाबांनी हे चालवून घेतलं नसतं. ते एकेक घोट घेत राहिले. अर्धा कप झाल्यावर आईने विचारलं, “अजून?”

“अजून,” ते म्हणाले.